पावन्याचा ड्रेस अबोली

कोल्हापुरात माणसाला आधी पेठ विचारतात, नाव नंतर. पेठ कळली की तालीम कळते, तालीम कळली की तिच्या फुटबॉल संघाच्या जर्सीचा रंग कळतो, आणि मग या माणसाबरोबर चहा प्यायचा की नाही हे ठरवता येतं. अशा गावात मी पस्तीस वर्षं जर्सी विकतोय. दुकान वडिलांचं, आणि एक नियमही वडिलांचाच: आमच्या तालमीचा डाळिंबी रंग पेठेबाहेर कुणालाही द्यायचा नाही. मागे पुण्याच्या एका कॉलेजाने मागितला होता, ऑर्डर चांगली मोठी होती. मी म्हटलं, मरून घ्या. डाळिंबी आणि मरून यांत फरक काय, असं त्यांनी विचारलं. त्यानंतर मी फोनच उचलला नाही.

डिसेंबरात मला नगर जिल्ह्यातून फोन आला. शांतवन साळवे नावाचे शिक्षक होते. कोल्हारजवळ प्रवरेच्या काठी त्यांची मिशन वस्ती आहे, तिथला फुटबॉल संघ ते सांभाळतात. फुटबॉलचे कपडे कोल्हापुरातूनच आणायचे, असा त्यांच्या वस्तीचा जुना हट्ट. आता खरी गोष्ट अशी की छपाईच्या जर्सी मी हल्ली नगरच्याच नागापूर एमआयडीसीत करून घेतो. म्हणजे ते मला ऑर्डर देणार, मी ती त्यांच्यापासून दीड तासावर छापून घेणार आणि वर कोल्हापूरचा शिक्का मारणार. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

सरांनी ऑर्डर बोलून पाठवली. सोळा नगांचे दोन सेट, एक पांढरा, एक अबोली. नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी सामना. आपल्या मैदानावर जो घालतो त्याच्यावर भाऊसाहेबांच्या डेअरीचं नाव मोठ्ठं पाहिजे, बाहेरगावी जो घालतो त्याच्यावर फक्त वस्तीचं नाव. आणि शेवटी एक वाक्य: “अबोली म्हंजे पावन्याचा ड्रेस, तुमाला कळंलच.”

मला कळलं. न कळायला काय झालं? आपण पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या गावी जातो तेव्हा घालायचा तो पावन्याचा ड्रेस. धंद्यात ज्याला ‘अवे’ म्हणतात तो. इतका गोड शब्द माझ्या डोक्यात कसा आला नाही, याचं वाईट वाटलं. मी वहीत लिहून घेतलं: पांढऱ्यावर डेअरी, अबोलीवर वस्ती. आणि गंमत म्हणून स्वतःच माल घेऊन जायचं ठरवलं. बायको म्हणाली, एवढ्या लांब बत्तीस बनियनं पोचवायला जाणारा तू एकटाच. बनियन म्हणू नको, असं मी तिला पस्तीस वर्षं सांगतोय.

नागापूर

बसच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर. उतरल्यावर पहिलं काम केलं ते गजरा घेण्याचं. फोनवर छपाईवाल्या निखिलला अबोली रंग सांगितला होता तर तो म्हणाला, नंबर सांगा. रंगाला नंबर असतो हे मी अजून मनावर घेतलेलं नाही. आमच्या दुकानात रंग आमसुली असतो, मोतिया असतो, श्रीखंडी असतो, चिंतामणी असतो. त्याच्याकडे तो सहा अक्षरांचा असतो आणि त्यात आकडे असतात.

गजरेवालीने अबोलीचा गजरा पुडीत बांधून दिला आणि वहिनींसाठी का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सोळा पोरांसाठी. तिने पुढे काही विचारलं नाही.

निखिल पंचविशीचा, केसांना जेल, कानात कायम काहीतरी अडकवलेलं, पण कामाला चोख. शेडमध्ये लांबट कागदावर जर्सीची छपाई चालली होती. कागदावर रंग अगदी मेलेले दिसतात. मग तो कागद कापडावर ठेवून गरम प्लेटखाली दाबतात, अर्धा-पाऊण मिनिट थांबतात, आणि कागद सोलला की खाली रंग जिवंत झालेला असतो. मी हे दहा वेळा पाहिलंय आणि दर वेळी पुढे वाकून पाहतो. गजरा बघून निखिल म्हणाला, हा तर पीच आहे. मी म्हटलं, हे फूल आहे. तो म्हणाला, मग सालमन असेल. सालमन हा मासा असतो हे मला माहीत होतं. देवळात, लग्नात बायकांनी माळायच्या फुलाला मासा म्हणणाऱ्याशी मी वाद घातला नाही. पाच तुकडे छापून झाले. पहिला तुकडा विटकरी, दुसरा शाळेच्या खडूसारखा. पाचव्याला मी मान डोलावली, तोवर गजरा मशीनच्या उष्णतेने मान टाकून बसला होता.

कापड शिवून होईपर्यंत निखिलने मला जेवायला नेलं. शिपी आमटी मागवली. मी आयुष्यभर तांबडा आणि पांढरा रस्सा खाल्लेला माणूस. आमच्याकडे रस्सासुद्धा दोन सेटमध्ये येतो. ही आमटी मात्र काळपट, घट्ट आणि तिखट. पहिल्या घासाला मी तिला नावं ठेवली, तिसऱ्या वाटीला परत घेतली.

जेवताना निखिल परदेशी क्लबांबद्दल बोलत होता. त्याच्या भिंतीवर त्या जर्सींच्या नकला टांगलेल्या होत्या. तो म्हणाला, घरच्या जर्सीला ते लोक फारसा हात लावत नाहीत, लावला तर गाव चिडतं. सगळा खेळ बाहेरच्या जर्सीवर. यंदा पोपटी, पुढच्या वर्षी जांभळी, त्याच्या पुढच्या वर्षी काळी. रंग आधी विक्रीच्या ऑफिसात ठरतो, मग त्याला गोष्ट चिकटवतात, की हा आमच्या बंदराच्या पाण्याचा रंग, हा जुन्या गिरणीच्या विटांचा. लोक गोष्ट विकत घेतात आणि शर्ट बरोबर येतो. मला ते पटलं. घरच्या रंगावर भक्ती करायची आणि बाहेरच्या रंगावर धंदा, हे आमच्या वडिलांनाही मान्य झालं असतं.

मग त्याने आणखी एक सांगितलं. विलायतेत फार पूर्वी रंग सारखे आले तर पाहुण्या संघाने नाही, यजमान संघाने कपडे बदलायचे. पुढे नियम फिरवला. यावर आम्ही दोघेही हसलो. मी जास्त हसलो. आपल्या मैदानावर, आपल्या पेठेसमोर, आपण आपला रंग उतरवायचा! असं कुणी करत असेल तर त्याला कोल्हापुरात राहू द्यायचे नाहीत.

कोल्हार

दुसऱ्या दिवशी शनिवार. निखिलचा कारखाना शनिवार-रविवार बंद, तो सकाळीच आपल्या गावी निघून गेला. मी दोन गठ्ठे घेऊन मनमाड रोडच्या बसमध्ये बसलो. या रस्त्याबद्दल नगरची माणसं इतकं बोलतात की मी वेगळं काही लिहीत नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागून आम्ही कोल्हारला पोचलो तेव्हा एक गठ्ठा माझ्या मांडीवर होता आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर एका आजीबाईंनी आपली मेथीची जुडी ठेवून दिली होती. पुढे दोन दिवस पांढऱ्या सेटला मेथीचा वास येत होता.

स्टँडसमोर भेळ खाल्ली. आमच्या भेळेपेक्षा कोरडी आणि शेवेला उदार. शांतवन सर मोटरसायकल घेऊन आले. चाळिशीचे, सडपातळ, गळ्यात शिट्टी. शिट्टी बहुधा झोपतानाच काढत असावेत. त्यांनी हात जोडून सलाम म्हटलं. इकडचे ख्रिस्ती लोक एकमेकांना तसंच म्हणतात, मला ते आवडलं. नदीच्या कडेकडेने, मक्याच्या आणि गुरांच्या घासाच्या वावरांतून आम्ही वस्तीवर गेलो. मध्ये दगडी चर्च, त्याच्यापुढे मैदान, मैदानाच्या एका कोपऱ्याला किंचित उतार. सर म्हणाले, त्या उताराची आम्हाला सवय आहे, बाहेरच्याला नसते, म्हणून पहिला हाफ पावन्याला सोयीची बाजू देतो. मी मनात म्हटलं, भलतीच साधी माणसं आहेत.

ओसरीवर चहा झाला आणि गठ्ठे सोडले. वस्तीतली बरीच मंडळी जमली. सगळ्यांत पुढे एस्तेरमावशी बसल्या होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, डोळ्यांना जाड चष्मा. अबोली ड्रेसचं शिवण इतकी वर्षं त्यांच्याकडे होतं. हात थरथरायला लागल्यावर बाहेरून मागवायचं ठरलं. म्हणजे मी त्यांची जागा घ्यायला आलो होतो, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी जर्सी उन्हात धरली, उलटी केली, शिवण दोन बोटांत ताणून पाहिली. मग म्हणाल्या, “ही अबोली न्हाई. पन अबोलीची भाची हाय. चालंल.”

एवढं प्रशस्तिपत्र मला कोल्हापुरातही कुणी दिलेलं नाही. मी खूश होऊन सरांकडे पाहिलं तर सर एक पांढरी आणि एक अबोली जर्सी शेजारी-शेजारी धरून छातीवरची अक्षरं वाचत होते. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “शेठ, डेअरीचं नाव पांढऱ्यावर टाकलं?”

म्हटलं, तुम्हीच सांगितलंत. आपल्या मैदानावर घालायचा त्याच्यावर.

“पन आपल्या मैदानावर आमी अबोलीच घालतो की.”

मग उलगडा झाला, आणि तो मला नीट समजायला बराच वेळ लागला. या वस्तीचा मूळ रंग पांढरा. आसपासच्या गावांतल्या निम्म्या संघांचाही पांढराच, कारण पांढरा शर्ट प्रत्येकाच्या घरात असतो. पाहुणा संघ पांढऱ्यात आला की ही मंडळी आपला पांढरा उतरवतात आणि अबोली घालतात. पाहुण्यासाठी घालायचा म्हणून पावन्याचा ड्रेस. आपण पाहुणे झालो तेव्हाचा नव्हे, पाहुणा आपल्याकडे आला तेव्हाचा. वस्तीच्या पोरांना आपला संघ अबोलीच वाटतो, पांढऱ्यात त्यांनी तो क्वचितच पाहिलाय. निखिलने सांगितलेली आणि मी मोठ्याने हसलेली विलायती गोष्ट इथे रोजच्या व्यवहारात चालू होती.

चूक माझी होती आणि ती साधी नव्हती. भाऊसाहेब इथलेच, त्यांची डेअरी नदीच्या अलीकडच्या पाच-सहा गावांचं दूध गोळा करते. त्यांनी शब्द दिला होता की रविवारच्या सामन्यात आपलं नाव सगळ्यांना दिसलं तर दुधाचा टेम्पो वर्षभर संघाला बाहेरगावी न्यायला देऊ. गेल्या वर्षी गाडी नव्हती म्हणून संघ पाच सामन्यांना जाऊच शकला नव्हता. उद्या भाऊसाहेब आपले पाव्हणेरावळे घेऊन मैदानावर येणार होते, आणि समोर उतरणार होता अबोली संघ, छातीवर फक्त वस्तीचं नाव. टेम्पो जाणार होता तो माझ्या शहाणपणामुळे.

मी निखिलला फोन लावला. फोन बंद. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा बंद. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे तोडगा काढला. माझ्या बॅगेत नमुन्याच्या बिनबाह्यांच्या निळ्या बंड्या होत्या, सरावाला वापरतात तशा. म्हटलं, उद्या तुम्ही पांढरा घाला, पाहुण्यांना या बंड्या द्या, शर्टावरून चढवतील, दोन तासांचा तर प्रश्न आहे.

एस्तेरमावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला.

“कोल्हापूरकर, तुमच्याकडं पावना आला आन् रंग सारखा पडला तर कोन बदलतं?”

“पावणाच बदलतोय की,” मी म्हटलं. नेहमी ज्या ताठ्याने म्हणतो त्याच ताठ्याने.

“आन् मग तो परत येतो?”

आमच्याकडे तो परत येतो ते मागच्या पराभवाचं उट्टं काढायला. पण हे त्या ओसरीवर सांगावंसं वाटलं नाही.

मग त्यांनी हा ड्रेस कसा आला ते सांगितलं. त्यांच्या सासूच्या काळात संघ मिशन शाळेच्या पांढऱ्या शर्टात खेळायचा. एकदा नदीपल्याडच्या भीमनगरची पोरं सामन्याला आली, पाण्यातून चालत. ती घरं तेव्हा नुकतीच बौद्ध झालेली. दीक्षेला घेतलेले पांढरे सदरे पोरांच्या अंगात होते; दुसरे सदरे नव्हतेच, आणि असते तरी त्या दिवसांत त्यांनी तो पांढरा अंगावरून उतरवला नसता. पंच म्हणाले, पाहुण्यांनी बदलावं. सासूबाई प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या उठून घरी गेल्या, नाताळच्या गायनमंडळासाठी अबोली कापड आणलं होतं ते फाडून त्यांनी अकरा पट्टे केले आणि आपल्या पोरांच्या छातीवरून आडवे बांधले. त्या वर्षी गायनमंडळ जुन्या साड्यांत गायलं. मावशींनी ट्रंकेतून त्यातला एक पट्टा आणून माझ्या हातात दिला. धुवून धुवून फिकट झालेला, पण रंग कोणता होता हे अजून कळत होतं. परदेशी क्लबांची चिकटवलेली गोष्ट मला आठवली आणि जेवताना आपण फार मान डोलावली असं वाटलं.

मावशी म्हणाल्या, “पावन्याला कापडं बदलाय लावत न्हाईत. टेम्पो ऱ्हायला तर ऱ्हायला. आमी चालत जाऊ.”

चालत जाणं शक्य नाही हे सरांना माहीत होतं, मलाही. पण सरांनीही मान हलवली. रात्रीचं जेवण, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, मला फारसं गोड लागलं नाही, आणि यात भरताचा काही दोष नव्हता.

रविवार

सकाळी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. गाणी मराठी, पेटी आणि तबला, आणि चाली अशा की मी दुसऱ्या कडव्याला ताल धरला. उपासना संपताच अर्धी मंडळी मैदानाकडे पळाली.

पाहुणे त्याच भीमनगरचे. हा सामना दर वर्षी याच रविवारी असतो. आता पूल आहे, ते सायकली आणि मोटरसायकलींवरून आले. जय भीम आणि सलाम यांची देवाणघेवाण झाली. त्यांचा कप्तान संदीप, नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. संघ पांढऱ्यात होता, पण चौदा जणांच्या अंगात चौदा प्रकारचं पांढरं. कुणाचा शाळेचा शर्ट, कुणाची सँडो बनियन, कुणाच्या पाठीवर काळ्या मार्करने काढलेला नऊ, त्यातली शेपटी घामाने खाली उतरलेली. माझ्या धंदेवाईक डोळ्यांना ते बघवेना.

भाऊसाहेब आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, बरोबर दहा-बारा माणसं. खुर्च्या मांडल्या होत्या. आमचा संघ अबोलीत बाहेर आला. त्या हिवाळी उन्हात तो रंग इतका छान दिसत होता की क्षणभर मी सगळं विसरलो. भाऊसाहेबांनी एकेका छातीवरून नजर फिरवली आणि सरांना जवळ बोलावून विचारलं की माझं नाव कुठे आहे. सर बोलायला लागले आणि अडखळले. मी पुढे झालो आणि सांगितलं की सरांचा काही दोष नाही, चूक माझी, नाव पांढऱ्यावर पडलंय.

“मग पांढरा घाला,” भाऊसाहेब म्हणाले. “त्यात काय एवढं? त्यांनी बदलावं.”

हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. काल मी तेच म्हटलं होतं. पण ते संदीपला ऐकू गेलं. त्याचा चेहरा उतरला. तो आपल्या पोरांकडे वळून काहीतरी म्हणाला आणि शर्टाचं वरचं बटण काढायला लागला. म्हणाला, आम्ही उघड्याने खेळतो, थंडी काही वाजत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं मी पाहुण्यांना कपडे बदलायला लावणाऱ्यांच्या बाजूला बसून टाळ्या पिटल्या आहेत. बदलणाऱ्याचं तोंड मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात एस्तेरमावशी ओसरीकडून येताना दिसल्या. हळूहळू, एका हातात काठी. मागून त्यांची सून येत होती, तिच्या हातात मोठं पितळी ताट, त्यात पांढऱ्या जर्सी घडी घालून रचलेल्या. मावशी थेट संदीपपुढे थांबल्या. वरची घडी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली आणि भाऊसाहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “पावन्याला कापडं बदलाय लावायची न्हाईत. पावन्याला कापडं करायची. ह्यो आहेर हाय, बाळा. नाव बी हाय त्याच्यावर, चांगल्या मान्साचं.”

आता आहेर म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? संदीपने वाकून नमस्कार केला. एकेक जण पुढे आला, मावशींनी प्रत्येकाच्या हातात घडी दिली. दहाएक मिनिटांत भीमनगरचा संघ एका रंगाचा, एका मापाचा, पाठीवर नीट आकडे असलेला उभा राहिला. पांढरं ते पांढरंच राहिलं, पांढऱ्यात आलेला पाहुणा पांढऱ्यातच खेळला. आणि चौदा छात्यांवर मोठ्या निळ्या अक्षरांत भाऊसाहेबांची डेअरी. भाऊसाहेबांनी टोपी नीट केली आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

सामना मी कसा पाहिला ते सांगता येत नाही, कारण मी बहुतेक वेळ भाऊसाहेबांकडे पाहत होतो. पहिला गोल आमचा, म्हणजे अबोलीचा. दुसऱ्या हाफमध्ये उताराची बाजू बदलली तरी भीमनगरवाले ऐकेनात. संदीपने डावीकडून मारलेला चेंडू खांबाला लागून आत गेला आणि पलीकडून आलेल्या प्रेक्षकांनी “डेअरी, डेअरी” असा गजर केला. भाऊसाहेबांचे हात टाळीसाठी वर आले आणि हवेत थांबले. गाव त्यांचं हरायला लागलं होतं आणि नाव जिंकायला. शेवटच्या मिनिटांत डेअरीने आणखी एक गोल केला. सामना भीमनगरने जिंकला, दोन-एक.

मग मटणाचा रस्सा आणि भाकरी, दोन्ही संघ एका पंगतीत. मसाला काळा, आमच्यापेक्षा सौम्य म्हणाल तर तसं नाही, उशिरा लागतो. जेवण झाल्यावर संदीपने जर्सी गोळा केल्या, घडी केल्या आणि मावशींपुढे ठेवल्या. मावशी म्हणाल्या, आहेर परत घेतात का कुठे? संदीप सरांकडे पाहायला लागला, सर माझ्याकडे, कारण वस्तीच्या संघाकडे आता पांढरा ड्रेसच उरला नव्हता. मी म्हटलं, नवा सेट पाठवतो, चुकीची भरपाई समजा. ही चूक करून मला जितकं मिळालं तितकं बरोबर काम करून कधी मिळालेलं नाही, पण हे काही मी तिथे बोललो नाही.

आणि टेम्पो? भाऊसाहेब निघताना भीमनगरचे दोन वडीलधारे त्यांच्याजवळ उभे होते. नदीपल्याड त्यांची डेअरी अजून पोचली नव्हती. दूध सकाळी किती वाजता उचलता, असं ते विचारत होते. भाऊसाहेबांनी त्यांना चहाला बोलावलं आणि मग सरांकडे वळून म्हणाले, “सर, टेम्पो सकाळी दूध उतरवून नऊला येईल. कॅनचा वास येतो, आधीच सांगून ठेवतो.”

सरांनी गळ्यातली शिट्टी घट्ट धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्यांनी उगाच एकदा शिट्टी वाजवली. मैदानावरची सगळी पोरं दचकून थांबली.

परत कोल्हापूर

सोमवारी मी घरी आलो. येताना मावशींनी मला अबोलीची एक जर्सी दिली, सोळांतली शेवटची, कुणाच्याच मापाची नव्हती ती. मीही पाहुणाच होतो ना. ती आमच्या पेठेत घालून फिरायची हिंमत अजून झालेली नाही. घरी आरशापुढे एकदा घातली. बायकोने विचारलं, हा कुठल्या तालमीचा? मी म्हटलं, पावन्याचा. तिने कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

महिन्याभराने दुकानात फोन आला. संदीप बोलत होता.

“शेठ, एक सेट पायजे होता. मिशन वस्तीचा संघ पुढल्या रविवारी आमच्याकडं येतोय, डेअरीच्या टेम्पोतून.”

म्हटलं, तुमच्याकडे सेट आहे की, पांढरा.

“तेच तर. तुमी त्यांना पांढरा पाठवला ना नवा? ते पांढऱ्यात येनार. मग आमाला बदलावं लागंल.” मग मुद्द्यावर आला. “आमच्याकडं पावन्याचा ड्रेस न्हाई अजून. रंग तुमीच सांगा. अबोली नको, तो त्यांचा.”

मी समोर पाहिलं. शेल्फवर सगळे रंग ओळीने होते. आमसुली, मोतिया, श्रीखंडी, चिंतामणी. सगळ्यांत वर, वडिलांच्या फोटोखाली, आमच्या तालमीचा ठेवलेला.

“डाळिंबी देतो,” मी म्हटलं.